गाडी चालवताना चक्कर येते तेव्हा



आजचा लेख नेहमीसारखा एखाद्या पाठावर नाही. पण यात विज्ञान आहे, थोडं गणित आहे आणि मराठी भाषेचाही एक छोटा धडा आहे. आपल्यापैकी कितीतरी जण रोज सकाळी स्वतःची गाडी काढून शाळेला जातात. कुणी वीस किलोमीटर, कुणी चाळीस. शेजारच्या सीटवर कधी आपलं मूल असतं, कधी सोबतच्या मॅडम. अशा वेळी चालत्या गाडीत एकाएकी गरगरायला लागलं, समोरचा रस्ता अंधूक झाला, आणि दवाखान्यात गेल्यावर सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ आले, तर काय करायचं? गेलं दीड वर्ष मी या प्रश्नाबरोबर राहते आहे. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. तेव्हा उपचार तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करायचे, हे आधीच सांगून टाकते.

माझ्या बाबतीत काय झालं

मी वाईला राहते आणि खंडाळा तालुक्यात शिकवते. सकाळी सुरूर फाट्यावर महामार्गाला लागायचं, खंबाटकीचा बोगदा ओलांडायचा, पुढचं ते प्रसिद्ध एस वळण सांभाळायचं आणि शाळा गाठायची. संध्याकाळी येताना बोगदा नाही, घाट चढून उतरायचा. बारा वर्षं हा रस्ता केला. आमचे हे नोकरीनिमित्त आठवडाभर पुण्यात असतात. घरात गाडी चालवणारी मी एकटीच. मुलगा खंडाळ्यालाच हायस्कूलला आहे, तो माझ्यासोबत येतो. सासूबाईंना साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं तेही माझ्याच गाडीतून.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये पहिल्यांदा झालं. सुरूर सोडल्यावर मोकळ्या रस्त्यावर पुढच्या ट्रकचा नंबर एकदम पुसट दिसायला लागला. रस्त्यावरचा पांढरा पट्टा पाण्यावर तरंगावा तसा हलायला लागला. मी दोन्ही इंडिकेटर लावून गाडी कडेला घेतली. पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. बीपी, शुगर, कार्डिओग्राम सगळं ठीक निघालं. ‘उपाशी निघाला असाल, गाडी चालवायला हरकत नाही’ असं त्यांनी सांगितलं.

नवव्या दिवशी पुन्हा. या वेळी मुलगा शेजारी होता. मला वाटलं गाडी डावीकडे कलतेय. मी त्याला विचारलं, “गाडी डावीकडे ओढतेय का रे?” तो म्हणाला, “नाही गं आई, सरळ चाललीय.”

त्या शब्दांनी माझ्या पोटात गोळा आला. माझे डोळे आणि माझं शरीर एक सांगत होते आणि शेजारी बसलेलं चौदा वर्षांचं पोर खरं सांगत होतं. गाडी थांबवली, शाळेत फोन केला, एका सहकारी सरांना बोलावून घेतलं. त्या दिवसापासून डॉक्टरांनी पुन्हा परवानगी देईपर्यंत स्टेअरिंगला हात लावला नाही.

रिपोर्ट नॉर्मल, पण मी नॉर्मल नाही

पुढचे दोन महिने तपासण्यांचे. डोळ्यांचा नंबर किंचित बदललेला, चष्मा नवीन केला. हिमोग्लोबिन ११.२, म्हणजे बायकांसाठी १२ असायला हवं त्याहून थोडं कमी, त्याच्या गोळ्या घेतल्या. मानेचा एक्स-रे झाला, मेंदूचा एमआरआय झाला. सगळीकडे तेच उत्तर. एका ठिकाणी तर फाइल पुरती न उघडताच ऐकायला मिळालं, “मॅडम, वय झालं की होतं असं. टेन्शन कमी करा.”

पालकहो, वर्गात एखादं मूल म्हणतं, ‘बाई, डोकं दुखतंय, फळ्यावरचं दिसत नाही’, तेव्हा आजूबाजूचे कोण कोण काय म्हणतात ते आठवा. ‘अभ्यास नको म्हणून बहाणे करतोय.’ मोठ्या माणसाला ‘टेन्शन’ म्हणतात आणि लहानाला ‘बहाणा’. दोन्हीकडे त्रास मात्र खराच असतो. काळजीनं चक्कर वाढते हे खरं आहे. पण कधी कधी चक्कर आधी येते आणि काळजी तिच्या मागून.

‘चक्कर’ या एका शब्दात चार त्रास

हा आपला भाषेचा धडा. डॉक्टर विचारतात, “काय होतं?” आपण सांगतो, “चक्कर येते.” खरं तर मराठीत यासाठी किती नेमके शब्द आहेत! पुण्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, “मॅडम, ‘चक्कर’ हा शब्द न वापरता सांगा.” शिक्षिकेला एवढं पुरे होतं.

१. अंधारी येणे : उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळोख येतो, आता पडणार असं वाटतं. यात मेंदूला रक्त कमी पोचत असण्याची शक्यता असते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० नं उतरलं तर डॉक्टर त्याची दखल घेतात. पाणी कमी पिणं, रक्त कमी असणं, बीपीच्या गोळ्या, हृदयाचे ठोके अनियमित असणं, अशी कारणं असू शकतात.

२. भोवळ किंवा गरगरणे : आपण किंवा खोली गोल फिरतेय असं वाटतं. हे बऱ्याचदा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून येतं. अंथरुणात कूस बदलली की अर्धा-एक मिनिट गरगरतं, तो यातलाच एक नेहमी आढळणारा प्रकार.

३. झोक जाणे : डोकं ठीक, पण पाय नीट पडत नाहीत. बाजूला गेल्यासारखं होतं.

४. डोकं हलकं किंवा सुन्न होणे : नेमकं सांगता येत नाही, तरंगल्यासारखं वाटतं. साखर कमी होणं, झोप नसणं, धास्ती, अर्धशिशी, काही औषधं अशा बऱ्याच गोष्टी यामागे असू शकतात.

डोळ्यांचंही तसंच. ‘दिसत नाही’ म्हणजे पुसट दिसतं, एकाचे दोन दिसतात, दृश्य हलतं, की नजरेचा एक भागच काळा होतो? एक डोळा झाकला की फरक पडतो का? एवढं सांगितलं तरी डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं. मला स्वतःला गरगरत नव्हतं आणि अंधारीही येत नव्हती. माझं होतं ते ‘झोक जाणे’ आणि ‘दृश्य हलणे’, तेही फक्त चालत्या गाडीत.

वहीचा उपयोग

शिक्षकाला नोंदी ठेवायची सवय असतेच. एका दोनशेपानी वहीत मी रकाने आखले : तारीख, वेळ, कुठे, गाडी कोण चालवत होतं, रात्रीची झोप, सकाळचं खाणं, पाळीचा दिवस, त्रास किती मिनिटं टिकला. गाडी मी चालवत नव्हते तरी बाजूला बसून प्रवास चालूच होता, म्हणून नोंदी होत राहिल्या. सहा आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. त्यातल्या अकरा सुरूर ते बोगदा या मोकळ्या, सरळ टप्प्यावरच्या. दोन बोगद्यातून उजेडात बाहेर पडतानाच्या. एक वाईच्या गर्दीच्या दुकानात, उंच फडताळांच्या मधल्या वाटेत उभी असताना. वळणावळणाच्या घाटात एकदाही नाही, वर्गात एकदाही नाही. न्याहारी केली काय आणि नाही केली काय, फरक नाही.

ती वही डॉक्टरांनी शांतपणे पंधरा मिनिटं वाचली. आधीच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा त्यांना तिचाच जास्त उपयोग झाला, असं ते म्हणाले.

कानातलं पाणी आणि डोळ्यांचा आधार

आता विज्ञान. आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की हा द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळतं की डोकं वळतंय. सरळ पुढे जाणं आणि कलणं कळायला शेजारी वेगळे भाग असतात, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. मघाशी सांगितलेली कूस बदलतानाची भोवळ म्हणजे हेच कण जागा सोडून नलिकेत शिरलेले असतात. मान आणि शरीर ठरावीक क्रमानं वळवून ते परत जागेवर नेता येतात.

आपल्या मुली मंगळागौरीला, नागपंचमीला फुगडी घालतात. फुगडी थांबली तरी अंगण फिरतच राहतं. का? शरीर थांबलं, पण कानातला द्रव अजून फिरतोय. कान सांगतो ‘फिरतेय’, पाय सांगतात ‘उभी आहे’. मेंदू गोंधळतो.

तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणची माहिती घेतो : कान, डोळे आणि पाय-सांध्यांतली जाणीव. त्यातला कान जरा कमी पडला की मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबतो. घरात, वर्गात ते खपून जातं, कारण आजूबाजूच्या वस्तू स्थिर असतात. पण मोकळ्या महामार्गावर डोळ्यांसमोर सगळंच धावत असतं. शेजारून उंच ट्रक हळूच पुढे सरकला की आपणच मागे चाललोय असं वाटतं. स्टँडवर शेजारची एसटी सुटली की आपली गाडी मागे जातेय असं वाटतं ना, तसंच. फरक इतकाच की तिथे आपण हसतो आणि इथे हातात स्टेअरिंग असतं. वाहन चालवतानाच होणाऱ्या अशा दिशाभ्रमाचं वर्णन १९८५ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात केलेलं आहे. म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नव्हते, एवढं तरी कळलं.

माझ्या कानात कोमट आणि गार पाणी सोडून तपासणी झाली. या तऱ्हेच्या तपासणीचं शास्त्र उलगडणाऱ्या रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं होतं. माझा उजवा कान थोडा कमी प्रतिसाद देतो असं दिसलं, पण तेही सीमारेषेवर. त्या जूनमध्ये दोन दिवस तापात पडून होते, तेव्हा उठलं की भोवंडत होतं. “बहुधा तिथून सुरुवात असेल,” डॉक्टर म्हणाले. “पण नक्की सांगता येणार नाही.” त्या ‘बहुधा’वर मला समाधान मानावं लागलं. खरं सांगते, खोट्या खात्रीपेक्षा तो शब्द बरा वाटला.

गाडी न चालवण्याचे महिने

औषधापेक्षा व्यायाम जास्त सांगितले. हात लांब करून अंगठ्यावर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. एका पायापुढे दुसरा पाय टाकत भिंतीच्या कडेनं चालायचं. मान फिरवत पायऱ्या चढायच्या. दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. पहिले पंधरा दिवस त्रास वाढल्यासारखाच वाटला. मेंदूला नवी सवय लागायला वेळ लागतो, आपल्या पहिलीतल्या पोरांना अक्षर वळायला लागतो तसाच.

बाकी जगणं बदललं. वाई स्टँडवरून एसटी धरायची. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फार आधार झाला. पण एक गाडी चुकली की पहिला तास चुकला. शाळेत आम्ही तिघेच शिक्षक. माझा उशीर म्हणजे दोन वर्ग एकाच खोलीत. मुख्याध्यापकांशी बोलून मी परिपाठ दुसऱ्या सरांकडे दिला आणि शेवटचा तास स्वतःकडे घेतला. सासूबाईंच्या साताऱ्याच्या फेरीला शेजारच्या भाऊंना विनंती केली. त्या म्हणाल्या, “अगं, रिक्षानं जाऊ, एसटीनं जाऊ. तू आहेस तर सगळं आहे.” मला मात्र दर वेळी कुणापुढे तरी हात पसरल्यासारखं वाटायचं. किल्ली खुंटीला टांगलेली आणि आपण पिशवी घेऊन स्टँडकडे चाललोय, हे सोपं नसतं. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना ते वेगळं सांगायला नको.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं परवानगी दिली. आधी गल्लीतून, मग वाई ते भुईंज, मग संध्याकाळचा घाट. महामार्गाचा टप्पा आजही मी एकटीनं करत नाही. शेजारी गाडी येणारं कुणी असेल तरच. आठवड्यातले तीन दिवस एसटी अजून चालू आहे. महिन्यातून एखाद्या वेळी पट्टा हलल्यासारखा वाटतो, पण आता मला काय करायचं ते ठाऊक आहे.

तेव्हा काय करायचं

१. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. करकचून ब्रेक मारू नका, मागून ट्रक येत असतो.
२. डावा इंडिकेटर द्या, हळूहळू डावीकडे या, शक्यतो रस्त्याच्या बाहेर थांबा. मग दोन्ही इंडिकेटर चालू ठेवा.
३. नजर लांबच्या स्थिर वस्तूवर ठेवा : डोंगर, इमारत. जवळून पळणाऱ्या पट्ट्यांकडे बघू नका.
४. खिडकी उघडा, सावकाश श्वास घ्या, पाणी प्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर लगेच साखर किंवा गोड काही खा.
५. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुढे स्वतः चालवू नका. कुणाला तरी बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३ हा क्रमांक आहे, रुग्णवाहिकेला १०८.

दुचाकीवाल्यांनी तर एका क्षणाचाही विचार न करता थांबायचं. तिथे तोल हाच सगळा आधार असतो.

आणि हे लक्षात ठेवा. अचानक तोल गेला, एकाचे दोन दिसायला लागले, तोंड वाकडं झालं, एका हातातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर वही-रकाने बाजूला ठेवा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

व्हॅनचे काका

पालकहो, हा भाग तुमच्यासाठी. वाहन परवान्याच्या अर्जासोबत ‘नमुना १’ ही स्वयंघोषणा असते. त्यात फेफरे, एकाएकी शुद्ध हरपणे किंवा कुठल्याही कारणानं चक्कर येणे याबद्दल प्रश्न असतो. आपण सगळे तिथे ‘नाही’ लिहून मोकळे होतो. शारीरिकदृष्ट्या असमर्थ असल्याचं ठाऊक असून वाहन चालवणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८६ खाली गुन्हा आहे.

पण कायद्याच्या आधी पोट येतं. मला पगार सुरू होता, एसटी होती, समजून घेणारे मुख्याध्यापक होते. आपल्या मुलांना शाळेत सोडणाऱ्या व्हॅनच्या काकांकडे यातलं काय आहे? त्यांनी ‘आज मला गरगरतंय, गाडी काढत नाही’ म्हटलं, तर त्या दिवसाचे पैसे जातात आणि वर आपणच ओरडतो, ‘काका, आधी सांगायचं ना!’ मग ते पुढच्या वेळी सांगणार नाहीत. आमच्या पालक-सभेत मी हा विषय काढला. पालकांनी मिळून ठरवलं, महिन्यातले दोन दिवस काकांनी तब्येतीसाठी सुट्टी घेतली तर पैसे कापायचे नाहीत, आणि त्या दिवशी कुणी मुलं न्यायची त्याची पाळी आधीच लावून ठेवायची. खर्च फारसा नाही. तुमच्या शाळेतही हे करता येईल.

वर्गासाठी उपक्रम

१. पुस्तक की डोकं : पुस्तक हातभर अंतरावर धरून भराभर डावी-उजवीकडे हलवा, वाचता येतं का पाहा. आता पुस्तक स्थिर ठेवून तेवढ्याच वेगानं डोकं हलवा. अक्षरं बरीच स्पष्ट राहतात, कारण कानाच्या सूचनेवर डोळे क्षणार्धात उलट्या दिशेनं फिरतात. (इयत्ता ६ वी ते ८ वी)

२. पेल्यातला कान : पेल्यात पाणी घेऊन त्यात चहाची थोडी पावडर टाका. पेला जागेवर गोल फिरवा. सुरुवातीला पावडर मागे राहते, पेला थांबवल्यावर ती फिरतच राहते. फुगडीनंतरची भोवळ यावरून मुलांनीच समजावून सांगावी.

३. गणित : गाडीचा वेग ताशी ६० किमी आहे. चालकाला ३ सेकंद नीट दिसलं नाही, तर गाडी किती अंतर जाईल? (६० किमी म्हणजे ६०,००० मीटर, भागिले ३,६०० सेकंद, सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. ३ सेकंदांत ५० मीटर.) मुलांना मैदानावर टेपनं ५० मीटर मोजायला लावा. त्या अंतरात एका मुलाला उभं करा. पुढे काही बोलायची गरज पडत नाही.

४. शब्दसंग्रह : ‘चक्कर’साठी घरातल्या आजी-आजोबांकडून शब्द गोळा करून आणा. प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ एका वाक्यात लिहा. भोवळ, घेरी, अंधारी, गरगर, झोक... आमच्या वर्गात अकरा शब्द जमले. सहावीतल्या एका मुलीनं ‘अंधारी’समोर लिहिलं होतं, ‘मला रोज प्रार्थनेला येते.’ तिच्या आईला बोलावून घेतलं. शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाच्या ताईंना दाखवलं, तेव्हा रक्त बरंच कमी निघालं. आता तिचे उपचार सुरू आहेत आणि प्रार्थनेला ती बसून असते.

हा उपक्रम घेतलात तर मुलांनी लिहिलेली वाक्यं नीट वाचा. त्यात एखादं वाक्य तुमच्यासाठीच लिहिलेलं असेल.